कल्हई उडालेला कायदा

पिठाच्या पुडीवर आज काय छापलेले नसते? अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, उत्पादनाची तारीख असते, शाकाहाराची हिरवी खूण असते, कोणत्या घटकाचे किती प्रमाण आहे याचा बारीक अक्षरांतला तक्ता असतो. सुशिक्षित गृहिणी तो तक्ता वाचते आणि निश्चिंत मनाने पुडी टोपलीत टाकते. मात्र शेतातला दाणा आणि घरातली पुडी यांच्या मध्ये जे यंत्र उभे असते, ज्याच्या पोटातून तो दाणा भरडला, दळला, चाळला आणि भरला जातो, त्याविषयी त्या पुडीवर अवाक्षर नसते. त्या यंत्राचे पाते कोणत्या पोलादाचे, पट्टा कोणत्या प्लॅस्टिकचा, सांध्यातले रबर कशाचे, बेअरिंगमधले ग्रीस कोणते, हे प्रश्न ग्राहक विचारत नाही. कारखानदाराला बहुधा ठाऊक नसतात. आणि यंत्र विकणाऱ्याने त्यांची उत्तरे पुराव्यासह दिलीच पाहिजेत अशी सक्ती आपल्या कायद्यात नाही.

अन्नाची तपासणी होते, वेष्टनाची होते. मधले यंत्र मात्र विश्वासावर चालते. हा विश्वास किती महाग पडू शकतो, याचा धडा महाराष्ट्राने एकदा गिरवलेला आहे. तो विसरला गेला आहे, हे अधिक दुर्दैवाचे.

पुण्याने शिकवलेला धडा

गेल्या शतकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकापर्यंत भारतातील कित्येक घरांवर एका बालरोगाची काळी छाया होती. वर्ष-दोन वर्षांचे, अंगावरून नुकतेच वरच्या दुधावर आलेले मूल किरकिरे होई, त्याचे पोट फुगू लागे, यकृत दगडासारखे घट्ट होई आणि बहुतेक वेळा ते मूल दगावे. एकाच घरातली एकापाठोपाठ एक भावंडे जात. वैद्यकशास्त्राने या विकाराला नावच ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ असे दिले होते. जणू तो या मातीचाच शाप असावा. कोणी आनुवंशिकतेला दोष दिला, कोणी आहाराला, कोणी नशिबाला.

१९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्यातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश डॉक्टर टॅनर व त्यांच्या सहकाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडत होता. तो आला कोठून, याचा शोध थेट स्वयंपाकघरातल्या दुधाच्या पातेल्यापर्यंत पोहोचला. आजारी मुलांच्या घरांत वरचे दूध लवकर सुरू केलेले होते आणि ते पितळेच्या भांड्यात तापवले किंवा ठेवले जात होते. पितळेतले तांबे दुधात उतरत होते, दुधातील प्रथिनाला चिकटून बाळाच्या पोटात जात होते. काही मुलांत मुळातच तांबे साठवण्याची प्रवृत्ती असावी, असेही अभ्यासकांना वाटले. पण त्या प्रवृत्तीला इंधन पुरवले ते भांड्याने. घरोघरी पितळेची जागा स्टीलने घेतली आणि १९९० च्या दशकात हा रोग दुर्मीळ झाला. त्यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. भांडे बदलले आणि मुले वाचली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पितळ तर आपल्याकडे शतकानुशतके वापरात होते. मग पूर्वजांना हे कळत नव्हते काय? कळत होते, आणि त्याचा पुरावा म्हणजे कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ थर दिल्याशिवाय त्यात आंबट शिजवायचे नाही, ताक ठेवायचे नाही, हा नियम अक्षरशत्रू आजीलाही पाठ होता. लोणचे चिनी मातीच्या बरणीत, चिंचेचा कोळ दगडीत, ही विभागणी केवळ सवयीची नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर कोणता पदार्थ कोणत्या धातूच्या अथवा पानाच्या पात्रात वाढावा याची स्वतंत्र चर्चा आहे. अन्न आणि त्याला स्पर्श करणारा पदार्थ यांचा संबंध आपल्या परंपरेने ओळखला होता.

परंतु परंपरेचा अभिमान हा कल्हईचा पर्याय होऊ शकत नाही. गल्लीत भाता घेऊन बसणारा कल्हईवाला दिसेनासा होत गेला, नियम ढिला झाला, भांडे मात्र तेच राहिले. वारसा म्हणून पितळ जपले आणि ते पितळ ज्या शिस्तीमुळे निर्धोक होते ती शिस्त सोडून दिली. त्याची किंमत निष्पाप बालकांनी मोजली. अन्नप्रक्रियेच्या यंत्रांबाबत आज देश नेमके हेच करीत आहे.

यंत्र म्हणजे मोठे भांडेच

घरातले एक पातेले एका कुटुंबाचे अन्न शिजवते. दूध संघातील एक टाकी, पिठाचा एक कारखाना, मसाल्याचे एक चक्र हजारो कुटुंबांचे अन्न हाताळते. पातेले चुकले तर एक घर भोगते. यंत्र चुकले तर तालुका भोगतो. ही भीती काल्पनिक नाही.

१९६८ मध्ये जपानच्या पश्चिम भागात तांदळाच्या कोंड्याच्या तेलाने विषबाधेचे थैमान घातले. कानेमी कंपनीच्या कारखान्यात तेलाचा वास घालवण्यासाठी ते तापवले जाई. तापवण्याच्या टाकीत नळीचे वेटोळे होते आणि त्या नळीतून पी.सी.बी. हे औद्योगिक रसायन उष्णता वाहण्यासाठी फिरत असे. ती नळी गळू लागली आणि रसायन खाद्यतेलात मिसळले. प्रथम याच कारखान्याच्या उपपदार्थावर वाढवलेल्या लाखो कोंबड्या मेल्या. त्या इशाऱ्याचा अर्थ वेळीच लावला गेला नाही. मग माणसांच्या अंगावर पुरळ उठले, त्वचा काळवंडली, बाधित मातांच्या पोटी काळसर त्वचेची बालके जन्मली. चौदा हजारांच्या आसपास लोकांनी आपणास बाधा झाल्याचे नोंदवले. तांदूळ शुद्ध होता, डबा स्वच्छ होता. दोष यंत्रातल्या एका नळीचा होता. अकरा वर्षांनी, १९७९ मध्ये, तैवानमध्ये हीच दुर्घटना जवळजवळ तशीच घडली आणि सुमारे दोन हजार लोक बाधित झाले. शेजाऱ्याच्या घरी आग लागलेली पाहूनही स्वतःचे छप्पर न तपासणाऱ्याची जी गत होते, तीच तैवानची झाली.

दुसरे उदाहरण तर आपल्या गल्लीतल्या गिरणीची आठवण करून देणारे आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी खेड्यांत पोटात असह्य कळा आणि रक्तक्षय यांनी कुटुंबेच्या कुटुंबे हैराण झाली. शोधाअंती त्यांच्या रक्तात शिसे आढळले. पाणी तपासले, भांडी तपासली. अखेर बोट गावच्या पिठाच्या गिरणीकडे वळले. जात्याच्या वरच्या तळीत लोखंडी भाग घट्ट बसवण्यासाठी वितळलेले शिसे ओतण्याची तेथील कारागिरांची रीत होती. तळी झिजे तसे शिसे पिठात उतरे. गव्हात दोष नव्हता आणि गिरणीवाल्याच्या मनात पापही नव्हते. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की जात्याच्या दुरुस्तीला वापरायचा पदार्थही अन्नाचाच भाग असतो.

युरोपात दूध काढण्याच्या यंत्रांच्या मऊ पी.व्ही.सी. नळ्यांतून त्या मऊ ठेवणारी रसायने दुधात उतरत असल्याचे १९९० च्या सुमारास अभ्यासकांनी दाखवून दिले. चीनमध्ये २०१२ साली एका नामांकित मद्यात अशीच रसायने मर्यादेहून अधिक सापडली, तेव्हा संशय उत्पादनातील प्लॅस्टिकच्या नळ्या आणि पिंपांवर गेला. आणि आपल्या सकाळच्या चहाचे काय? चहाची पाने चिरडणाऱ्या सी.टी.सी. यंत्राचे दातेरी रूळ झिजतात आणि त्यांचे लोहकण चहात येतात. हे प्रमाण इतके दखलपात्र ठरले की, अन्न प्राधिकरणाला चहातील लोहकणांची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागली. म्हणजे यंत्र अन्नात उतरते हे सरकारला ठाऊक आहे. तरीही पहारा अन्नाच्या टोकाला बसवला जातो, यंत्राच्या दारात नाही.

कायद्यात भांडे आहे, यंत्र नाही

भारतीय कायदा या विषयात अगदीच आंधळा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील १९५५ च्या नियमांत गंजलेल्या भांड्यांना, टवके उडालेल्या एनॅमलला आणि नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेला स्पष्ट मनाई होती. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. तो २०११ पासून अमलात आहे. अन्नात बाहेरून येणाऱ्या दूषकाची या कायद्याने केलेली व्याख्या व्यापक आहे. प्रक्रिया, हाताळणी, वेष्टन यांतून नकळत आलेला पदार्थही तीत बसतो. परवान्याच्या नियमांना जोडलेल्या चौथ्या अनुसूचीत तर म्हटले आहे की, अन्नाच्या संपर्कात येणारी उपकरणे न गंजणारी आणि अन्नात विषारी अंश न सोडणारी असावीत.

वाक्य निर्दोष आहे. पण ते सिद्ध कोणी करायचे? कोणत्या चाचणीने? कोणत्या कागदावर? येथे कायदा मौन पाळतो. २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी प्लॅस्टिकच्या पिशवीला आणि डब्याला पुरती चौकट घालून दिली. अन्नाचे गुणधर्म असलेल्या द्रवांत, म्हणजे पाणी, सौम्य ॲसिटिक आम्ल, अल्कोहोल, हेप्टेन यांत, नमुना ठराविक तापमानाला ठराविक काळ ठेवायचा आणि त्यातून एकूण किती पदार्थ पाझरला हे मोजायचे. हा पाझर किलोमागे ६० मिलिग्रॅम अथवा पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम यांच्या आत हवा. बिस्किटाच्या वेष्टनाला ही परीक्षा द्यावी लागते. मात्र ज्या पट्ट्यावरून ते बिस्कीट भट्टीतून बाहेर येते त्या पट्ट्याच्या विक्रेत्याला अशी परीक्षा देण्याची सक्ती नाही.

२०२४ मध्ये केंद्राने स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या स्वयंपाकाच्या भांड्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे केले, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. पण या निर्णयाने विसंगती अधिकच उघडी पडली. दोन लिटरचे पातेले विकायला चिन्ह हवे आणि दोनशे किलो मसाला दळणारे यंत्र विकायला मात्र विक्रेत्याचा शब्द पुरे, हा कोणता न्याय?

‘फूड ग्रेड’ नावाचा मंत्र

या शब्दाची बाजारातली किंमत मोठी आहे. यंत्रविक्रीच्या प्रत्येक जाहिरातपत्रकावर ‘फूड ग्रेड’ ही दोन अक्षरी जादू असते. तिच्या मागे काय असते हे तपासले तर अनेकदा चकाकीपलीकडे काही हाती लागत नाही.

पोलादाचेच पाहा. अन्नप्रक्रियेसाठी सामान्यतः मान्य असलेल्या ३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. मीठ आणि आंबट यांच्याशी सतत गाठ पडत असेल तर मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ घ्यावे लागते. निकेल महाग. म्हणून त्यातले बरेचसे निकेल काढून मँगेनीज घातलेल्या २०० मालिकेच्या स्वस्त जाती आल्या आणि भारत हा त्यांचा मोठा ग्राहक आहे. त्या जाती सर्वस्वी वाईट नाहीत. कोरड्या, सौम्य कामाला त्या चालतात. पण लोणचे, चिंच, टोमॅटो, खारट पाणी यांच्यापुढे त्यांचे संरक्षक कवच लवकर हार खाते. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत. आपल्याकडे खात्रीचा म्हणून लोहचुंबक लावण्याचा जो उपाय सांगितला जातो तो येथे फसवा ठरतो. कारण ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसा २०० मालिकेलाही चिकटत नाही. चुंबक लावून समाधानाने मान डोलावणारा ग्राहक स्वतःचीच फसवणूक करून घेत असतो.

बरे, पत्रा अस्सल असला म्हणून यंत्र निर्दोष होत नाही. वेल्डिंगचा सांधा खडबडीत राहिला तर त्याच जागी गंज आणि जंतू घर करतात. म्हणून तर अन्नस्पर्शी पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटरच्या आत असावा, असा जगातील आरोग्यदायी यंत्ररचनेचा दंडक आहे. कातकामासाठी सोयीच्या पितळेत दोन-तीन टक्के शिसे मुद्दाम मिसळलेले असते. अशा पितळेचा कॉक आंबट रसाच्या वाटेवर बसला तर काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञ नको. रबराच्या कड्यांची कथा वेगळी नाही. पाण्याला टिकणारे रबर तुपातेलात फुगते आणि झिजून अन्नात जाते. फिरत्या भागांना लावायचे ग्रीसही दोन प्रकारचे असते. एक सर्वसाधारण, दुसरे चुकून अन्नाला लागले तरी मर्यादेत निर्धोक मानले जाणारे. डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय त्यातला फरक डोळ्याला दिसत नाही.

आणखी एक शब्दच्छल पाहण्यासारखा आहे. पट्टे, नळ्या, पाती यांवर ‘एफ.डी.ए. मान्य’ असे छापलेले असते. महाराष्ट्रातल्या माणसाला एफ.डी.ए. म्हणजे राज्याचे अन्न व औषध प्रशासन. त्याला वाटते, सरकारने तपासलेले दिसते. प्रत्यक्षात तो उल्लेख अमेरिकेच्या संस्थेचा असतो आणि ती संस्थादेखील पदार्थांविषयीचे नियम घालून देते, कोण्या व्यापाऱ्याच्या यंत्राला प्रमाणपत्र देत बसत नाही. ‘सी.ई.’ या युरोपीय चिन्हाचेही तसेच. बहुसंख्य यंत्रांवर ते निर्मात्याने स्वतःच्या जबाबदारीवर लावलेले असते. परक्या देशाची अक्षरे पाहून माना तुकवण्याची ही खोड गुलामगिरी संपून पाऊण शतक लोटले तरी गेलेली नाही.

परदेशात काय घडले

जगाकडून शिकायचे ते डोळसपणे. अमेरिकेत १९४४ साली मिशिगन विद्यापीठात स्थापन झालेल्या ‘एन.एस.एफ.’ या संस्थेने अन्न-उपकरणांतील पदार्थांसाठी स्वतंत्र मानक तयार केले. तेथील दुग्धव्यवसायात तर त्याहून आधी, १९२० च्या दशकात, यंत्र बनवणारे, वापरणारे आणि आरोग्याधिकारी अशा तीन पक्षांनी एकत्र बसून ‘थ्री-ए’ या नावाने स्वच्छतेचे निकष ठरवण्यास आरंभ केला. सरकारी बडग्याची वाट पाहिली गेली नाही, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

युरोपीय संघाच्या २००४ च्या १९३५ क्रमांकाच्या नियमाने तर वेष्टन, भांडे आणि यंत्र असा भेदच ठेवला नाही. अन्नाला जे जे लागेल ते ते एका कायद्याखाली आले. कोणता पदार्थ कोठून आला याचा माग प्रत्येक टप्प्यावर लागला पाहिजे, ही जबाबदारी उत्पादकावर आली. प्लॅस्टिकसारख्या गटांसाठी लेखी अनुरूपता-पत्र आणि त्यामागचे चाचणीचे कागद अनिवार्य झाले. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. त्या नियमाच्या यादीत पदार्थांचे सतरा गट आहेत. त्यांपैकी मोजक्याच गटांसाठी संघस्तरावर तपशीलवार नियम झाले आहेत. रबर, धातू, वंगण यांबाबत देशोदेशींच्या वेगळ्या तरतुदींवर काम चालते. म्हणूनच युरोपची नक्कल हे उत्तर नव्हे. तेथली चौकट घ्यावी. त्यातली भगदाडे मात्र भारताने आपल्या गरजांनुसार बुजवावीत. आपले अन्न अधिक तिखट, अधिक आंबट, अधिक तेलकट आणि अधिक उष्ण असते. हळद, चिंच, कोकम आणि उकळते तेल यांना सोसणारी परीक्षा ब्रुसेल्समध्ये कोणी लिहून देणार नाही.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या मागणीवर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पुन्हा इन्स्पेक्टर राज येणार, छोटा कारखानदार कागदांखाली चिरडला जाणार. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राजकोट, कोइंबतूर, लुधियाना, कोल्हापूर येथील लहान कर्मशाळांनी या देशाला स्वस्त यंत्रे दिली आणि लाखो हातांना काम दिले. त्यांच्या मागे निरीक्षकांचा ससेमिरा लावणे हा राष्ट्रहिताचा मार्ग नव्हे.

पण आज या अव्यवस्थेचा भार कोण वाहतो, हेही पाहिले पाहिजे. बचत गटातील एखादी भगिनी कर्ज काढून मसाल्याचे यंत्र घेते. विक्रेता तिला ‘फूड ग्रेड’ म्हणून सांगतो. वर्षाने तिच्या हळदीच्या नमुन्यात धातू मर्यादेबाहेर निघाला, तर नोटीस तिच्या नावावर येते, दंड तिला होतो, परवाना तिचा धोक्यात येतो. कारण अन्न कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक ती आहे. यंत्र बनवणारा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर उभा राहून पुढचे यंत्र विकत असतो. छोट्यांच्या कैवाराच्या नावाखाली सर्वांत छोट्याच्याच डोक्यावर जोखीम लादणारी ही व्यवस्था आहे. प्रमाणपत्राची सक्ती यंत्रनिर्मात्यावर आली, तर ते या भगिनीच्या हातातले कवच ठरेल.

शिवाय प्रत्येक यंत्रामागे निरीक्षक धावण्याची गरजच नाही. प्रत्येक नग न तपासता प्रत्येक नमुन्याची आणि त्यात वापरलेल्या पदार्थांची एकदा परीक्षा व्हावी. पोलादाच्या प्रत्येक खेपेबरोबर कारखान्याचे चाचणीपत्र येते. ते जपून ठेवणे हा काही जाच नव्हे. हातात धरायच्या क्ष-किरण उपकरणाने धातूतील घटक काही क्षणांत कळतात. भंगाराचा मोठा व्यापारी फसू नये म्हणून ते वापरतो. भंगारासाठी जी दक्षता, ती देशाच्या अन्नासाठी जड का वाटावी?

दुसरा आक्षेप असा की, निर्यात करणारे कारखाने परदेशी प्रमाणपत्रे घेतातच, मग निराळ्या व्यवस्थेची गरज काय? या आक्षेपातच दुखणे दडलेले आहे. परदेशी ग्राहकाच्या ताटासाठी एक काळजी आणि नाशिक-नांदेडच्या ताटासाठी दुसरी, ही विषमता स्वाभिमानी राष्ट्राला शोभत नाही. प्रमाणपत्रासाठी परकीय संस्थेच्या दारात उभे राहणे आणि त्यासाठी परकीय चलन मोजणे यात स्वावलंबन कोठे आहे? म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून काम करते आहे. मुंबईत भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ पासून आहे. मानक ब्यूरो आहे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे जाळे आहे. ज्ञान आहे, साधने आहेत. उणीव आहे ती इच्छाशक्तीची.

करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याच्या चौकटीत ‘अन्नस्पर्शी भाग’ ही व्याख्या यावी आणि यंत्रनिर्मात्याने प्रत्येक अशा भागाचा पदार्थ, त्याची जात आणि त्यामागचा पुरावा लेखी देणे बंधनकारक व्हावे. हे टप्प्याटप्प्याने व्हावे: आधी धातू, मग रबर-प्लॅस्टिक, मग वंगण आणि लेप. लहान उत्पादकांना पुरेशी मुदत मिळावी आणि चाचणीच्या शुल्काचा मोठा वाटा शासनाने उचलावा.

दुसरी गोष्ट, सरकारने स्वतःच्या पैशाचा वापर शहाणपणाने करावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रांसह प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा प्रत्येक अनुदानाला पदार्थाच्या लेखी हमीची अट जोडली, तर कायदा बदलण्याआधीच बाजार बदलेल. शालेय पोषण आहाराची स्वयंपाकगृहे, सहकारी दूध संघ, आश्रमशाळा, रुग्णालये यांच्या खरेदीलाही हीच अट लागू करता येईल.

तिसरी गोष्ट, खोट्या ‘फूड ग्रेड’ला शिक्षा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. पुराव्याशिवाय हा शब्द छापणाऱ्यांवर ती वापरण्यास नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि चौथी गोष्ट समाजाने करायची आहे. सारे काही शासनावर सोपवणारा समाज शेवटी शासनालाच नावे ठेवत बसतो. ज्या देवस्थानांत रोज हजारोंचा महाप्रसाद शिजतो, ज्या वसतिगृहांत, सेवाप्रकल्पांत, सामुदायिक स्वयंपाकघरांत यंत्रे घेतली जातात, त्यांच्या विश्वस्तांनी पुढच्या खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे तीन कागद मागावेत: पोलादाच्या जातीचे चाचणीपत्र, रबर-प्लॅस्टिकच्या पाझराचा अहवाल आणि वंगणाचा प्रकार. देवापुढे ठेवायच्या नैवेद्यात भेसळ चालत नसेल, तर ते शिजवणाऱ्या यंत्रातली भेसळ तरी का चालावी? गृहिणीने गिरणीत, रसवंतीत, मिठाईच्या दुकानात हाच प्रश्न विचारावा. उत्तर आले नाही तरी चालेल. दहा जणींनी विचारला की अकराव्या वेळी दुकानदार तो यंत्रवाल्याला विचारील.

आपल्या आजीने कल्हई उडालेले भांडे आंबटासाठी कधी चुलीवर चढवले नाही. तिच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, अधिसूचना नव्हती. डोळ्यांनी पाहून, बोट फिरवून ती खात्री करून घेई आणि खात्री पटली नाही तर भांडे बाजूला ठेवी. आज ज्यांच्या हाती कायदा, प्रयोगशाळा आणि राजमुद्रा आहे, त्यांनी निदान तेवढी खात्री करून घ्यावी. ती करून घेतली जात नाही तोवर बाजारातून येणाऱ्या प्रत्येक घासामागे हा अनुत्तरित प्रश्न राहणार आहे आणि तो विचारण्याचा अधिकार या देशातल्या प्रत्येक आईला आहे.